विमानतळ झालं तरी दुबईचं विमान का येत नाही? वाचा नियम काय आहे

विमानतळाची घोषणा झाली की पारावर चर्चा सुरू होते, आता आपली पोरं इथूनच थेट दुबईला जाणार. पण नुसती धावपट्टी बांधून परदेशी विमान येत नाही. त्यासाठी दोन देशांचा करार लागतो.

1944 च्या शिकागो करारानुसार, ज्या देशात उतरायचं त्याच्या परवानगीशिवाय नियमित विमानसेवा चालवता येत नाही. म्हणून दोन सरकारं बसून ठरवतात, आठवड्याला किती सीट आणि परदेशी कंपनीने कोणत्या शहरांत उतरायचं. एसटीसमोर वडाप लावायला परमिट लागतं, तसंच हे. गाडी नवी असून उपयोग नाही.

केरळातलं कन्नूर बघा. 9 डिसेंबर 2018 ला विमानतळ सुरू झालं. धावपट्टी 3,050 मीटर, मोठं विमान आरामात उतरेल एवढी. त्या भागात आखातात कामाला गेलेले लोक घरोघर आहेत. तरी वर्षानुवर्षं मागणी करून परदेशी कंपन्यांना तिथे परवानगी मिळाली नाही. आखाताची सेवा भारतीय कंपन्यांच्याच भरवशावर राहिली.

केंद्राचं म्हणणं असं की, परदेशी कंपन्यांना सगळं मोकळं केलं तर आपला प्रवासी दुबईमार्गे युरोप-अमेरिकेला जाईल आणि आपल्या कंपन्या मागे पडतील. म्हणणं चुकीचं नाही. पण सीट कमी असल्या की सणासुदीला तिकीट भडकतं, अन् ते मजुराच्या खिशातून जातं, हेही खरं. दुबईसाठी दोन्ही बाजूंना आठवड्याला प्रत्येकी सुमारे 66 हजार सीट आहेत. दुबईला त्या वाढवून हव्यात.

2016 च्या विमान धोरणात दिल्लीपासून 5,000 किलोमीटरच्या पलीकडच्या देशांशी खुला करार करायचं ठरलं. आखात त्याच्या आत येतं, त्यामुळे तिथे मर्यादा राहिली. त्याच धोरणात भारतीय कंपन्यांवरची पाच वर्षं देशात सेवा देण्याची अट काढली. 20 विमानं किंवा एकूण क्षमतेच्या 20 टक्के, यातलं जे जास्त ते देशात चालवलं की परदेशात उडता येतं.

तेव्हा पुढारी 'आंतरराष्ट्रीय विमानतळ' म्हणाला की त्याला दोनच गोष्टी विचारा. कस्टम आणि इमिग्रेशनची सोय मंजूर झाली का? आणि कोणती भारतीय कंपनी यायला तयार आहे? नवीन विमानतळाने सीटचा कोटा वाढत नाही. नवी मुंबईहून दुबईला विमान गेलं तरी त्याच्या सीट त्याच 66 हजारांत मोजल्या जातात.