डहाणू-तलासरीत पोटगीचा आदेश बदलता येतो का?

न्यायालयाने ठरवलेली पोटगी ही काळ्या दगडावरची रेघ नसते. परिस्थिती बदलली तर ती वाढते, कमी होते, रद्दही होते. मात्र आपोआप काहीच होत नाही. कारखान्यातलं काम सुटलं म्हणून नवऱ्याने परस्पर पैसे थांबवले, तर जुना आदेश चालूच राहतो आणि थकबाकी साचत जाते. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत पत्नीने अर्ज केला, तर वसुलीचं वॉरंट निघू शकतं आणि तरीही पैसे आले नाहीत तर तुरुंगवासही होऊ शकतो. तुरुंगात जाऊन आलं म्हणून थकबाकी फिटत नाही.

बदल मागायचा तर कोणत्या कायद्याखाली? डहाणू आणि तलासरीत हा प्रश्न जरा वेगळा आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २५ मध्ये घटस्फोटानंतरची पोटगी बदलण्याची सोय आहे. पण याच कायद्याचं कलम २(२) सांगतं की, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा कुटुंबांसाठी हा दरवाजा बहुधा बंदच. (डहाणूच्या चिकूबागा फुलवणाऱ्या इराणी-पारशी कुटुंबांचा विवाह कायदा तर तिसराच.)

सगळ्यांना खुला रस्ता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगी मिळते आणि कलम १४६ खाली ती बदलता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच कलमं १२५ आणि १२७ होती. इथे जात, जमात, धर्म आड येत नाही.

बदल कशाला म्हणायचं?

बदल आदेशानंतर घडलेला हवा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हेच सांगितलं. आधी दिलेले पैसे परत मागता येणार नाहीत, हेही स्पष्ट केलं. २०१७ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात नवऱ्याचं दुसरं लग्न आणि त्यातून झालेलं मूल लक्षात घेऊन याच न्यायालयाने महिन्याची पोटगी २३ हजारांवरून २० हजारांवर आणली होती.

किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते. पण ही बंदी दरवर्षीचीच, आदेशाच्या वेळीही ती माहीत होती. तेवढ्यावर कपात मागणं लंगडं ठरेल. बोट विकावी लागली, अपघातात हात गेला, तर गोष्ट निराळी. तसंच मुलांचा खर्च वाढला किंवा नवऱ्याची कमाई वाढली, तर पत्नीही वाढ मागू शकते.

कमाई सिद्ध करणं हीच खरी अडचण. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या 'रजनेश विरुद्ध नेहा' प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना दिला. दारिद्र्यरेषेखालच्या आणि रोजंदारी करणाऱ्या पक्षकारांना मात्र प्रतिज्ञापत्रातून सूट आहे. तलासरीहून उंबरगाव-वापीकडे रोजाने जाणाऱ्यांसाठी ही ओळ मोलाची आहे.

पोटगी संपते कधी?

घटस्फोटित स्त्रीने पुन्हा लग्न केलं, तर त्या तारखेपासून आदेश रद्द होतो. वारली समाजात जोडपी आधी एकत्र राहतात आणि लग्नाचा विधी कधी कधी मुलं मोठी झाल्यावरही होतो. त्यामुळे नुसतं सोबत राहणं म्हणजे लग्न का, यावरच वाद अडू शकतो. प्रथेनुसार घटस्फोटाच्या वेळची पूर्ण रक्कम तिला मिळाली असेल, तरीही आदेश रद्द करता येतो. पण पंचांसमोर नुसता शब्द दिला होता, एवढ्याने भागत नाही. पैसे तिच्या हातात पडल्याचं दाखवावं लागतं.

वकिलाच्या फीमुळे अर्ज अडू नये, अशी तरतूद आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. म्हणजे आदिवासी जोडप्यात पोटगी मागणारी आणि ती कमी करून मागणारा, दोघंही पात्र. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते.