संचमान्यता (प्राथमिक शाळा)

शाळेच्या पटावरील विद्यार्थ्यांच्या संख्येवरून तेथे शिक्षकांची किती पदे असावीत हे ठरवून त्यांना शासकीय मंजुरी देण्याच्या महाराष्ट्रातील प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात. जिल्हा परिषदा, नगरपालिका व महानगरपालिका यांच्या शाळांना, तसेच खाजगी अनुदानित शाळांना ती लागू असून मंजूर पदांचे वेतन, नवी भरती आणि अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन या साऱ्यांचा आधार तीच असते.

या प्रक्रियेचा कायदेशीर पाया म्हणजे १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. त्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी ६० पटापर्यंत दोन, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार आणि १२१ ते २०० पर्यंत पाच शिक्षक असावे लागतात. पट १५० च्या वर गेल्यास स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो आणि २०० च्या पुढे, मुख्याध्यापक वगळून, एका शिक्षकामागे ४० पेक्षा अधिक मुले असू नयेत असे बंधन आहे. सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक हवा, शिवाय प्रत्येक वर्गामागे निदान एक आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या प्रत्येक विषयगटासाठी निदान एक शिक्षक हवा. हे प्रमाण राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरासरीने नव्हे, तर प्रत्येक शाळेत राखले जावे असे कलम २५ बजावते, आणि ही या कायद्याची सर्वांत मोलाची तरतूद मानली पाहिजे, कारण शहरालगतच्या शाळेतील जादा शिक्षक दुर्गम पाड्यावरील मुलांच्या उपयोगी पडत नाहीत.

पहिली ते पाचवीसाठी अनुसूची मुले मोजते, इयत्ता मोजत नाही, आणि लहान शाळांची खरी अडचण येथेच आहे. ६१ पटाच्या शाळेतून एका कुटुंबाने स्थलांतर केले आणि एक मूल कमी झाले, की तीन पदांची दोन होतात. इयत्ता मात्र पाचच राहतात. मग एक शिक्षक पहिली व दुसरी आणि दुसरा तिसरी ते पाचवी एकत्र बसवतो, म्हणजे बहुवर्ग अध्यापन करतो. त्यांपैकी एकाकडे मुख्याध्यापकाचा कार्यभार व शालेय पोषण आहाराच्या नोंदीही असतात, आणि तो बैठकीला गेला की त्या दिवसापुरती शाळा एकशिक्षकी होते.

मोजणीसाठी सामान्यतः ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. मुख्याध्यापकाने भरलेली माहिती केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी तपासतात आणि अलीकडे आधार क्रमांक वैध ठरलेल्या विद्यार्थ्यांच्याच संख्येवर भर असतो. या कठोरपणामागे इतिहास आहे: नांदेड जिल्ह्यातील तपासणीत बोगस पट उघड झाल्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर विशेष पटपडताळणी करण्यात आली होती. तथापि आधारातील नावाच्या किंवा जन्मतारखेच्या चुकीमुळे रोज वर्गात बसणारे मूल गणनेतून सुटले, तर शिक्षा त्या वर्गालाच होते. हंगामी स्थलांतराचाही मेळ या तारखेशी बसत नाही. बीडसारख्या जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची मुले त्या दिवशी गावच्या पटावर असतात आणि गळीत हंगाम सुरू झाला की पालकांबरोबर कारखान्याच्या परिसरात जातात, परंतु तेथील शाळेच्या मंजूर पदांत त्यांची गणना झालेली नसते.

मंजूर संख्येपेक्षा अधिक असलेले शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतात. खाजगी अनुदानित शाळांत त्यासाठी सेवाज्येष्ठता यादी पाहिली जाते व सर्वसाधारणपणे कनिष्ठाला जावे लागते. त्याचे समायोजन रिक्त पद असलेल्या अन्य शाळेत होते.

राज्याने २८ ऑगस्ट २०१५ च्या शासन निर्णयाने ठरविलेले निकष १५ मार्च २०२४ रोजी सुधारले. २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांतील शिक्षकसंख्येविषयीच्या धोरणाला शिक्षक संघटनांनी त्या वर्षी तीव्र विरोध केला. तो रास्त होता, कारण अशा शाळा बहुधा डोंगराळ व आदिवासी भागांत असतात आणि तेथील मुलांना चालत जाता येईल अशी दुसरी शाळा जवळपास नसते.

मंजूर पद म्हणजे हजर शिक्षक नव्हे, हेही ध्यानात घ्यावे लागते. शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नयेत, असे याच अधिनियमाचे कलम २६ सांगते. दोन पदांच्या शाळेत एक जागा रिकामी राहिली तरी हे प्रमाण ५० टक्क्यांवर जाते.