लातूर रेल्वेस्थानक : अरुंद रुळांपासून ‘जलदूत’पर्यंत

लातूर : १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूर रेल्वेस्थानकात एक मालगाडी दाखल झाली. तिच्या दहा टाक्यांमध्ये सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. मांजरा धरण कोरडे पडल्याने तहानलेल्या लातूरसाठी मिरजेहून कृष्णेचे पाणी सुमारे ३४२ किलोमीटरचा प्रवास करून आले होते. ‘जलदूत’ या नावाने ही गाडी देशभर गाजली. ती ज्या मार्गाने आली, त्याचा इतिहास मात्र शतकाहून जुना आहे.

बार्शीपासून प्रारंभ

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. परंतु कापसाची बाजारपेठ असलेले बार्शी त्यापासून ३० किलोमीटरहून अधिक दूर राहिले. व्यापाऱ्यांचा माल बैलगाड्यांतूनच मुख्य मार्गावर न्यावा लागे. ही उणीव दूर करण्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश अभियंत्याने कमी खर्चाच्या अरुंद मार्गाची योजना पुढे आणली. १८९५ मध्ये ‘बार्शी लाइट रेल्वे’ कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजेच आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी ही गाडी सुरू झाली. दोन रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर होते. प्रत्येक आसावरील भार पाच टनांवर जाऊ न देण्याचे तत्त्व कॅलथ्रॉप यांनी कटाक्षाने पाळले. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही पुरेशी मालवाहतूक शक्य झाली.

पुढे १९०६ मध्ये हा मार्ग पंढरपूरला पोहोचला व वारकऱ्यांची मोठी सोय झाली. १९११ मध्ये तो तत्कालीन निजाम राज्यातील लातूरपर्यंत, तर १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेला. लातूर ते मिरज असा सुमारे ३२५ किलोमीटरचा हा मार्ग देशातील प्रमुख अरुंदमापी मार्गांपैकी एक ठरला. १९५४ मध्ये तो सरकारच्या मालकीचा होऊन मध्य रेल्वेत आला.

दोन मापांची अडचण

ज्या अरुंद रुळांनी लातूरच्या आडत बाजाराला मुंबईशी जोडले, तेच पुढे अडसर ठरले. मुख्य मार्गाचे रूळ १,६७६ मिलिमीटर रुंदीचे असल्याने कुर्डुवाडीत प्रवाशांना गाडी बदलावी लागे. मालही एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. त्यात वेळ व मजुरी दोन्ही खर्ची पडे.

अखेर टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झाले. लातूर-कुर्डुवाडी मार्ग २००८ पर्यंत पूर्ण झाला. जुना मार्ग येडशीवरून जात असल्याने उस्मानाबाद (आताचे धाराशिव) शहर रेल्वेपासून वंचित होते. रुंदीकरणात मार्ग वळवून ते जोडण्यात आले. त्यानंतर पंढरपूर-मिरज टप्पाही रुंदमापी झाला.

या कामाचे खरे मोल २०१६ च्या दुष्काळात कळले. पाण्यासाठीच्या टाक्या राजस्थानातील कोटा येथे स्वच्छ करून थेट मिरजेला व तेथून लातूरला आणता आल्या. अरुंद रुळांवर ते अशक्य होते. पुढे एका खेपेत ५० टाक्यांतून सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, या फेऱ्या थांबल्या.

बाजारपेठेचा माल वाहण्यासाठी जन्मलेल्या या मार्गाने शतकानंतर एका शहराची तहान भागवली. मात्र पाणी आणण्यासाठी रेल्वेची वाट पाहण्याची वेळ पुन्हा येऊ नये, हीच लातूरकरांची अपेक्षा आहे.