सरासरीतून सुटलेला जीवाणू

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी यान-उलरिश क्रेफ्ट, जिंजर बूथ आणि ज्युलियन विम्पेनी यांचा ‘बॅकसिम’ प्रसिद्ध झाला. एकेक जीवाणू स्वतंत्र धरून संगणकावर वसाहत वाढवणारा हा प्रोग्रॅम. दोन्ही घटनांचा संबंध नाही, पण प्रोग्रॅममागचा विचार नंदुरबारकरांना चटकन पटेल. तापीच्या खोऱ्यातलं शहादा आणि सातपुड्यातलं धडगाव यांच्या आकड्यांची बेरीज करून दोनाने भागलं, तर येणारा आकडा कुठल्याच गावाचा नसतो.

जीवाणूंचं गणित बराच काळ अशाच आकड्यांवर चाललं. जाक मोनो यांनी १९४०च्या दशकात अन्न आणि वाढीचा वेग यांची सांगड घालणारं समीकरण दिलं. ढवळलेल्या द्रवासाठी ते आजही उत्तम चालतं. दातावरच्या किटणात मात्र कडेचा जीवाणू खाऊन पुष्ट होतो आणि आतला उपाशी राहतो. एका सरासरीत हा फरक बुजतो.

वाट सापडली ती जीवशास्त्राबाहेर. उलाम आणि फॉन नॉयमन या गणितज्ञांनी चौकटींचं जाळं कल्पून प्रत्येक चौकटीला शेजाऱ्यांकडे पाहून बदलायचा नियम दिला. १९९०च्या दशकात सांता फे इन्स्टिट्यूटमध्ये असेच स्वतंत्र घटक संगणकावर चालवणारी ‘स्वॉर्म’ ही प्रणाली तयार झाली. तिच्यावर बूथ यांचा ‘गेको’ हा प्रोग्रॅम उभा राहिला आणि गेकोतून बॅकसिम.

बॅकसिममधला ई. कोलाय जीवाणू म्हणजे एक वर्तुळ. ते भोवतालचं अन्न घेतं, फुगतं, पुरेसं वजन झालं की दुभंगतं, शेजाऱ्याला ढकलून जागा करतं. दुभंगण्याचं वजन प्रत्येकाचं थोडं वेगळं. वसाहतीचा आकार कुणी लिहून दिलेला नसतो, तो या रेटारेटीतूनच घडतो. या तंत्रातलं मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

जीवाणू-जीवाणूंतल्या फरकाचा प्रश्न पुण्यातही हाताळला गेला. दुभंगताना आईचं जुनं टोक वारशाने मिळालेली ई. कोलाय पेशी हळू वाढते, हे २००५ साली परदेशी प्रयोगांत दिसलं. पुढच्याच वर्षी मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी गणिती नमुना मांडला. त्यानुसार, पेशीतली झीज एकाच लेक-पेशीच्या पदरी टाकणारे जीवाणू वेगाने वाढतात. ती समान वाटणारे तेवढ्याच अन्नात जास्त पीक देतात. म्हणजे जीवाणूचं म्हातारपण अटळ नाही, ती परिस्थितीनुसार झालेली निवड असू शकते.

असा फरक औषधापुढेही दिसतो. १९४४ साली जोसेफ बिगर यांना पेनिसिलिननंतरही तगलेले मोजके जीवाणू सापडले. त्यांची पुढची पिढी मात्र पुन्हा त्याच औषधाने मरत होती. क्षयाचे उपचार महिनोन्महिने चालतात, त्याचं एक कारण असे सुस्त जीवाणू मानले जातात. ते दाखवायला संगणकी नमुन्यातल्या प्रत्येक जीवाणूला जागा की निजलेला अशी अवस्था द्यावी लागते, आणि ती किती वेळा पालटते ते प्रयोगशाळेत मोजूनच आणावं लागतं.