किती पेपर झाले? एका प्रश्नाचा दीडशे वर्षांचा इतिहास

पीएच.डी.च्या वाटेला लागलेल्या कुणालाही पहिल्या वर्षभरातच एक प्रश्न कळतो. "विषय काय?" त्यानंतर, "गाईड कोण?" हेही त्यानंतर. खरा प्रश्न, "किती पेपर झाले?" पेपरात काय आहे, हे विचारणारे दहात दोन. उरलेले आठ आकडा ऐकतात, मान हलवतात आणि त्या मान हलवण्यातच तुमचं काहीतरी ठरून गेलेलं असतं.

मला या आकड्याचं कुतूहल आहे. आकडा ऐकून खरंच मत बनतं का? की आपलं मत आधीच झालेलं असतं आणि आकडा फक्त त्याला टेकू देतो? आणि मुळात शास्त्रज्ञांनी एकमेकांचे पेपर मोजायला सुरुवात केली कधी? मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, प्रयोगशाळेतला माणूस आहे. पण ही गोष्ट वाचत गेलो तसं वाटलं, की पेट आणि मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी ही एकदा वाचायला हवी. कारण तुमची पुढची पाचसहा वर्षं या प्रश्नाभोवती फिरणार आहेत.

सुरुवात एका निरुपद्रवी अडचणीपासून होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेत नियतकालिकं इतकी झाली होती, की आपल्या विषयावर आधी कुणी काय लिहून ठेवलंय हे शोधणंच मुश्कील. १८५५ साली अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे सचिव जोसेफ हेन्री यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या ग्लासगोच्या अधिवेशनाकडे सुचवलं, की शास्त्रीय लेखांची एक मोठी सूची व्हावी. काम लंडनच्या रॉयल सोसायटीने अंगावर घेतलं. 'कॅटलॉग ऑफ सायंटिफिक पेपर्स'चा पहिला खंड १८६७ मध्ये आला, एकोणिसावा आणि शेवटचा १९२५ मध्ये. १८०० ते १९०० या शतकातले लेख त्यात नोंदले गेले.

आता इथे एक छोटीशी, दिसायला अगदी कारकुनी गोष्ट घडली. सूची विषयावार नव्हती, लेखकांच्या नावावार होती. आडनाव, त्याखाली त्या माणसाचे लेख, आणि लेखांना क्रमांक. विषयसूची पुढे व्हायची होती. तिचे थोडे खंड विसाव्या शतकात निघाले आणि ते काम अर्धवटच राहिलं. म्हणजे "उष्णतेवर काय काय लिहिलं गेलंय?" हे विचारणाऱ्याला ही सूची फारशी उपयोगाची नव्हती. पण "अमुक माणसाने किती लिहिलंय?" याचं उत्तर एका नजरेत मिळत होतं. शेवटचा क्रमांक बघा, झालं! विज्ञानाचे इतिहासकार ॲलेक्स चिसार यांनी या सूचीवर बारकाईने लिहिलंय. शोधण्यासाठी केलेलं साधन मोजण्याचं साधन कसं झालं, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. फ्रान्समध्ये तर एकोणिसाव्या शतकात अकादमीच्या जागेसाठी उभे राहणारे उमेदवार स्वतःच्या कामाची पुस्तिका छापून वाटतच असत. आपल्या आजच्या सीव्हीची ती पणजी म्हणायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ही सूची नियतकालिकांतल्या लेखांची होती, पुस्तकांची नव्हे. डार्विनचा १८५९ सालचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ आहे, त्यामुळे तिथल्या मोजणीत तो शून्य. काय मोजायचं हे ठरलं, की काय मोलाचं हेही न बोलता ठरून जातं.

त्याच सुमारास अमेरिकेत दुसरीही एक पद्धत चालू होती. जेम्स मॅकीन कॅटेल हे मानसशास्त्रज्ञ. त्यांना देशातले अव्वल शास्त्रज्ञ निवडायचे होते. त्यांनी पेपर मोजले नाहीत. बारा विज्ञानशाखा घेतल्या, प्रत्येक शाखेतले दहा जाणकार निवडले आणि त्यांना सांगितलं, की तुमच्या क्षेत्रातल्या लोकांना गुणानुक्रमे लावा. १९०६ मध्ये 'अमेरिकन मेन ऑफ सायन्स' हा कोश निघाला तेव्हा त्यातल्या हजार जणांच्या नोंदीवर चांदणी होती. ही पद्धत निर्मळ होती असं मी म्हणणार नाही, ओळखीपाळखी आणि पूर्वग्रह तिच्यात भरपूर शिरू शकतात. (कोशाच्या नावातले 'मेन' पाहिलेत ना?) पण ज्यांच्याकडे मत मागितलं ते एकमेकांचं काम वाचणारे लोक होते. त्यांना क्रमवारी लावायला लेखांची संख्या हाताशी धरायची गरज नव्हती.

मोजणी मात्र थांबली नाही. १९२६ मध्ये आल्फ्रेड लोटका यांनी 'केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स'ची नावांची सूची घेऊन हिशेब केला आणि एक विलक्षण नियम समोर आला. एकच पेपर लिहिणारे शंभर असतील, तर दोन लिहिणारे साधारण पंचवीस, तीन लिहिणारे अकरा, आणि दहा लिहिणारा जेमतेम एक. एकच पेपर लिहून थांबणारे सगळ्या लेखकांत सुमारे ६० टक्के! म्हणजे "सरासरी शास्त्रज्ञ किती पेपर लिहितो?" हा प्रश्नच फसवा. वितरण इतकं तिरकं असेल, तर सरासरी कुणाचंच वर्णन करत नाही. संख्याशास्त्राच्या पहिल्या पेपराला हे आपण शिकतो आणि मुलाखतीच्या खोलीत शिरताना विसरतो.

हे इतकं तिरकं का? यावर विल्यम शॉकली यांनी १९५७ मध्ये मला फार आवडणारं उत्तर दिलं. हे ट्रान्झिस्टरवाले शॉकली, आदल्याच वर्षी नोबेल मिळालेले. ते म्हणाले, पेपर होणं म्हणजे एकच गुण नव्हे, गुणाकार आहे. चांगला प्रश्न सुचणं, त्यावर काम करता येणं, हाताला लागलेलं मोलाचं आहे हे ओळखणं, कुठे थांबून लिहायला बसायचं हे कळणं, नीट लिहिता येणं, टीकेतून शिकणं, पेपर पाठवून देण्याची जिद्द, आणि सुधारणा मागितल्या की त्या नेटाने करणं. असे आठ घटक. आता एखादा माणूस प्रत्येकात दुसऱ्यापेक्षा फक्त दीडपट आहे असं धरा. दीडचा आठवा घात काढून बघा, पंचवीसच्या वर जातो. म्हणजे थोडासाच उजवा माणूस आकड्यात पंचवीसपट उजवा दिसणार. आणि आठपैकी एक घटक शून्य असेल, तर उत्तम डोकं असलेल्याचाही आकडा शून्य. हेच शॉकली पुढे वंश आणि बुद्धिमत्तेबद्दल जे बोलत सुटले त्याने त्यांची उरलीसुरली प्रतिष्ठा गेली, ते वेगळं. माणसांना आकड्यावरून जोखायची ओढ कुठवर नेते, याचं उदाहरण म्हणून तेही ध्यानात ठेवावं.

आता मूळ प्रश्न. शास्त्रज्ञ एकमेकांना खरंच या आकड्यावरून जोखतात का? यावर थेट अभ्यास केला तो जोनाथन आणि स्टीफन कोल या भावांनी. १९६७ मध्ये त्यांनी अमेरिकन विद्यापीठांतल्या १२० भौतिकशास्त्रज्ञांची माहिती घेतली. किती पेपर, त्या पेपरांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, आणि मानसन्मान काय मिळाला: पारितोषिकं, नोकरी कुठल्या विभागात, नाव किती जणांना माहीत. त्यांनी लोकांचे चार गट पाडले. पुष्कळ लिहिणारे आणि पुष्कळ उल्लेखले जाणारे. पुष्कळ लिहिणारे पण कुणी न उल्लेखणारे, ज्यांना त्यांनी घाऊक उत्पादक म्हटलं. थोडंच पण वजनदार लिहिणारे, म्हणजे परिपूर्णतावादी. आणि दोन्ही बाबतींत मूक. तुमच्या विभागात हे चारही गट आहेत. नावं मनातच ठेवा.

निष्कर्ष असा, की मान्यतेचा संबंध संख्येपेक्षा गुणवत्तेशी जास्त होता. बऱ्याच जणांना हा निकाल ऐकून हायसं वाटतं, पण इथे संशोधकासारखं जरा थांबायला हवं. पहिली गोष्ट, गुणवत्ता मोजली कशाने? युजीन गारफिल्ड यांच्या १९६४ मध्ये बाजारात आलेल्या 'सायन्स सायटेशन इंडेक्स'मधल्या उल्लेखांच्या संख्येने. म्हणजे एका आकड्याविरुद्ध दुसरा आकडा जिंकला, इतकंच. दुसरी गोष्ट, हा सहसंबंध आहे. मोठ्या विभागात असल्यामुळेही उल्लेख वाढतात. दुसऱ्याच वर्षी रॉबर्ट मर्टन यांनी मॅथ्यू परिणाम मांडला तो हाच: ज्याचं नाव आहे त्याच्याच पदरात आणखी श्रेय पडतं. कोण कारण आणि कोण परिणाम, हे कोल बंधूंच्या तक्त्यांवरून सुटत नाही.

ते सोडवायला प्रयोग लागतो. पेपरांवर असा प्रयोग करणं अवघड आहे, पण गाण्यांवर तो झालाय. साल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी बँडची ४८ गाणी होती आणि ऐकणारे १४ हजारांच्या वर. काहींना फक्त गाणी दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगां'त वाटलं होतं, आणि तिथे आपल्या जगातल्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलंय हा आकडाही दिसे. गाणी सगळीकडे तीच, सुरुवात सगळीकडे शून्यापासून. तरी आकडा दिसत होता त्या जगांत वरची आणि खालची गाणी यांतली दरी वाढली आणि प्रत्येक जगात वेगवेगळी गाणी वर गेली. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. आणि खरं सांगू का, आपण बहुतेक जण त्या मधल्यांतच असतो.

हे सगळं एकत्र ठेवून माझं मत असं झालंय, की आकड्याची ताकद बघणारा माणूस कामापासून किती लांब आहे यावर ठरते. कॅटेलच्या जाणकारांना आकडा लागला नाही. कोल बंधूंचे भौतिकशास्त्रज्ञ एकाच विषयात वावरत होते, त्यांच्यात नुसती संख्या फिकी पडली. पण ज्याला वाचायला वेळ नाही, किंवा वाचून कळणार नाही, त्याच्या हातात आकड्याशिवाय असतं काय? विज्ञान वाढलं, शाखा फुटल्या, निवड करणारे आणि निवडले जाणारे एकमेकांना अनोळखी झाले, तसतसा आकडा मोठा होत गेला.

भारतात हे अंतर थेट नियमात उतरलं. यूजीसीच्या २०१० च्या नियमावलीत एपीआय नावाची गुणपद्धत आली. प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी किमान ४०० गुण, सहयोगी प्राध्यापकासाठी ३००. परीक्षित नियतकालिकातल्या एका पेपरला १५, अपरीक्षित पण मान्य नियतकालिकात १०. वर इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे जादा गुण. आता वहीत हिशेब करा. तीन वर्षं खपून पाच ते दहा इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये एक पेपर केला, तर १५ अधिक २५, म्हणजे ४०. तेच काम तीन तुकडे करून साध्या परीक्षित जर्नलांत टाकलं, तर ४५. हा हिशेब ज्याने केला त्याला लबाड म्हणणं सोपं आहे. पण घर चालवायचं असेल आणि वय पस्तिशीकडे चाललं असेल, तर तो करावाच लागतो. सीएचबीवर, घड्याळी तासांवर शिकवणारे माझे दोन मित्र तो दर वर्षी करत. त्यातल्या एकाकडे खरोखर चांगलं काम होतं, ते तीन ठिकाणी विखुरलंय आणि आता कुणालाच सलग वाचता येत नाही.

गरज निर्माण झाली की दुकानं उघडतात, तशी पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स उघडली. २०१७ मध्ये यूजीसीने मान्य नियतकालिकांची यादी काढली, तर तीच त्यांच्या हाती पाटीसारखी लागली. "यूजीसी अप्रूव्हड" अशा जाहिरातींच्या मेल तुम्हालाही आल्या असतील. २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये या यादीची चिकित्सा केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या आणि नामवंत सूचींत नसलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात, असं त्यांना दिसलं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. पुढे केअर यादी आली, तिच्या कामात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मोठा वाटा होता.

पीटर हिग्ज यांनी २०१३ मध्ये नोबेल घ्यायला जाताना एका मुलाखतीत सांगितलं होतं, की आजच्या काळात आपण पुरेसे उत्पादक ठरलो नसतो आणि आपल्याला नोकरीच मिळाली नसती. १९६४ च्या त्या कामानंतर त्यांचे दहाहून कमी पेपर आले. हे उदाहरण मला जपून वापरावंसं वाटतं. कमी पेपर म्हणजे हिग्ज, असं लोटकाचा नियम सांगत नाही. एक पेपर लिहून थांबलेल्या त्या ६० टक्क्यांत हिग्ज क्वचितच असणार. पण तो एक ओळखायचा कसा, हे आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं. त्यासाठी त्याचा पेपर उघडावा लागतो.

२०२२ च्या नियमावलीत यूजीसीने पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढून टाकली. केअर यादी बंद केल्याचं २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं. कुठलं नियतकालिक चांगलं हे आता संस्थांनी आपलं आपण ठरवायचं आहे. विद्यापीठं स्वतःचे नियम वेगळे ठेवू शकतात, तेव्हा प्रवेशाआधी आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक स्वतः वाचा, सीनियरच्या सांगण्यावर राहू नका. आणि गाईडशी पहिल्या बैठकीत एक गोष्ट विचारून घ्या: या कामाचे पेपर किती होतील हे नव्हे, यातला सगळ्यात लहान पण सलग वाचता येईल असा तुकडा कोणता.