मुक्ताईच्या वाटेवरच्या एकट्या माउल्या



आपल्या जिल्ह्यात आषाढीची पहिली चाहूल लागते ती मुक्ताईची. तापीकाठच्या कोथळी-मुक्ताईनगरहून तिची पालखी ज्येष्ठातच निघते. वाट लांबची, महिनाभराची. चिखली, देऊळगाव राजा करत ती जालन्यात येते आणि पुढे अंबडवरून गोदावरी ओलांडून गेवराई-बीडकडे जाते. बीडला आजोबा गोविंदपंतांच्या समाधीपाशी नात-आजोबांची भेट होते. पालखी दारावरून जाताना आयाबाया पाण्याची घागर घेऊन पुढे होतात, पादुकांवर डोकं ठेवतात, "मुक्ताई आली" म्हणून डोळे पुसतात.

आणि त्याच दारात संध्याकाळी शेजारच्या पस्तिशीतल्या पोरीचा विषय निघाला की म्हणतात, "राहिली बिचारी. अजून तशीच आहे."

मुक्ताईचंही लग्न झालं नव्हतं. हे आपल्याला ठाऊक असतं, पण लक्षात येत नाही. दिंडीच्या शताब्दीनिमित्त इतिहास लिहायला बसलो तेव्हा आमच्या मनात पहिल्यांदा हा विषय आला, म्हणून या स्मरणिकेत चार पानं त्यासाठी राखली.

कारण घडलं आपल्याच दिंडीच्या जुन्या वह्यांमुळे. त्या वह्यांत वारकऱ्यांची नावं आहेत, शिध्याचा हिशोब आहे, मुक्कामांची गावं आहेत. पुरुषांची नावं वडिलांच्या नावासकट पूर्ण आहेत. बायकांपुढे 'अमक्याचे कुटुंब', 'तमक्याची आई' असं आहे. ज्यांना नवराही नव्हता आणि लेकही नव्हता, त्यांच्यापुढे नुसतं लिहिलंय, 'बाई एक'. तीस-चाळीस वर्षं चाललेली माणसं, आणि वहीत 'बाई एक'! ही चूक दुसऱ्या कुणाची नाही, आपलीच आहे.

संप्रदायानं मात्र असं केलेलं नाही. त्यानं या बायकांची नावं सातशे वर्षं जपली.

मुक्ताईचा जन्म परंपरेनुसार शके १२०१ म्हणजे इ.स. १२७९ चा. मूळ घर गोदाकाठचं आपेगाव, आपल्या अंबड तालुक्याच्या शेजारचंच म्हणायचं. संन्याशाची पोरं म्हणून चौघा भावंडांना वाळीत टाकलं. पैठणच्या ब्रह्मवृंदानं शुद्धिपत्र देताना चौघांनी ब्रह्मचर्यानं राहावं, वंश वाढवू नये, अशी अट घातल्याचं परंपरा सांगते. म्हणजे हे बिनलग्नाचं आयुष्य मुक्ताईनं हौसेनं मागून घेतलेलं नव्हतं, तिच्यावर ते शिक्षा म्हणून आलं होतं. पण त्या शिक्षेचं तिनं काय केलं बघा. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानदेव ताटी लावून बसले, तेव्हा समजूत घालायला गेली ती धाकटी बहीण. ताटीचे अभंग म्हणून आपण जे म्हणतो ते तिचंच बोलणं. संतमेळ्यात कुणाचं मडकं कच्चं आहे ते पाहा, असं गोरोबाकाकांना तिनंच सुचवलं, आणि नामदेवांसारख्यांना गुरूच्या शोधात औंढ्याला विसोबा खेचरांकडे जावं लागलं. चौदाशे वर्षं जगल्याची कथा ज्यांच्याबद्दल सांगतात ते चांगदेव या पोरीचे शिष्य झाले. तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांच्या नावाचं गाव आणि देऊळ आजही आहे.

अवघ्या अठराव्या वर्षी, १२९७ मध्ये, वैशाख वद्य दशमीला ती तापीतीरी अंतर्धान पावली. ती कुणाची बायको नव्हती, कुणाची आई नव्हती. तरी आपण तिला आदिशक्ती म्हणतो आणि तिच्यामागे चालतो.

दुसरी आपल्याच गोदावरीच्या काठची, गंगाखेडची जनाबाई. लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, पाणी, शेण-गोवऱ्या यातच जन्म गेला. नवरा नाही, मूल नाही, स्वतःचं घरही नाही. आजच्या भाषेत तिच्या नावावर काहीच नव्हतं. होते ते अभंग. गाथ्यात तिच्या नावानं साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत आणि त्यांत 'जनी' हे नाव ती ठणकावून घेते. ज्या घरात ती मोलकरीण होती, त्या घराचीही ओळख आज पुष्कळ लोकांना जनीच्या अभंगांतून होते. देव तिच्या जात्याचा खुंटा धरायला आला, असं परंपरा सांगते. गोपाळपूरला जाणारा प्रत्येक वारकरी ते जातं पाहून येतो. पण दळणारी बाई एकटी होती, तिच्यासमोर बसून दुसरा हात लावणारं माणूस घरात नव्हतं, ही गोष्ट आपल्या फारशी मनात येत नाही. जिनं एकटीनं जातं ओढलंय तिला मात्र ही कथा लगेच कळते.

तिसरी मंगळवेढ्याची कान्होपात्रा. तिच्या बाबतीत तर नकार हीच भक्ती. गणिकेच्या पोटी जन्मली, रूपवान होती. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं, ती गेली नाही. विठोबाच्या पायाशी तिनं देह ठेवला असं परंपरा सांगते. पंढरीच्या देवळात तरटीच्या झाडापाशी आपण हात जोडतो ते तिलाच.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. लग्नात 'सावधान' ऐकताच नारायण मांडवातून निघून गेला, ही गोष्ट आपल्याकडच्या लेकरालाही पाठ आहे. कीर्तनात ती ऐकताना आपण पळणाऱ्या नवरदेवाच्या मागं मागं थेट टाकळीपर्यंत जातो. मांडवात उभ्या राहिलेल्या मुलीकडे मात्र वळून बघत नाही. समर्थांनी पुढे मिरजेच्या बालविधवा वेणाबाईंना कीर्तनाला उभं केलं, मठ त्यांच्या हाती सोपवला. हे मोठं काम, त्या काळात तर फारच मोठं. वारकऱ्यांमध्येही १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था उभी करणारे जोग महाराज आजन्म अविवाहित राहिले. पुरुष लग्नाशिवाय राहिला तर आपण त्याला आदरानं ब्रह्मचारी म्हणतो. बाई राहिली तर 'राहिली' म्हणतो. शब्दातच किती अंतर पडलं!

हा नुसता शब्दांचा प्रश्न नाही. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातून दर हंगामाला ऊसतोडीला माणसं जातात. तिथं एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मिळते ती जोडीला. एकटी बाई कितीही राबणारी असली तरी ती पुरा कोयता धरली जात नाही, अर्धाच. मग आईबाप पोरीला अठराच्या आतच उजवतात. वर म्हणतात, एकटी ठेवायची कशी? कायदा त्याला गुन्हा म्हणतो, तरी मांडव पडतातच. इकडे २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, लग्न झालेलं असो वा नसो. पण बिनलग्नाची बहीण भावाच्या घरात दोन वेळच्या भाकरीवर राबते आणि हक्कसोडपत्रावर अंगठा देते. देवळात मुक्ताईची आरती आणि घरात बहिणीचं नाव सातबाऱ्यावरून कमी, हे दोन्ही एकाच हातानं होतं.

आपल्या दिंडीतल्या एका माउलीची गोष्ट इथं सांगायलाच हवी. सगळी दिंडी त्यांना आत्या म्हणायची. लग्न केलेलं नव्हतं. शिधा त्यांच्या ताब्यात. किती पायली पीठ, किती डाळ, कुणाला पथ्य आहे, कुणाच्या पायाला फोड आलाय, सगळं तोंडपाठ. एका मुक्कामाच्या गावी यजमान बायकांनी दिंडीतल्या बायांच्या ओट्या भरल्या. हळदीकुंकवाचं ताट आत्यांपाशी आलं, थबकलं आणि पुढं गेलं. आम्ही बघत होतो. कुणीच काही बोललं नाही. विणेकरी गप्प, चोपदार गप्प, आम्हीही गप्प. पहाटे तीनला चूल पेटलेली होती आणि दोनशे माणसांचा चहा आत्या गाळत होत्या.

पुढं एकदा धीर करून आमच्यातल्या एकीनं विचारलं, "आत्या, वाईट नाही वाटत?"

"वाटायचं पहिलं," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतेत लगीन राह्यलं. राह्यलं तर राह्यलं मागं. मी आले की पुढं!" आणि हसून पिठाचा डबा उघडला.

आत्या आता नाहीत. जुन्या वहीत त्या वर्षी त्यांच्या नावाच्या जागी काय लिहिलंय ते वर सांगितलंच आहे.

आपण पंढरीला माहेर म्हणतो. लग्न झालेलीला दोन घरं असतात, सासर आणि माहेर. बिनलग्नाच्या बाईला गाव एकच घर देतं, तेही भावाचं, तेही भावजय म्हणेल तितकं. तिला 'माहेरला जाते' असं म्हणता येतं ते फक्त वारीत. तिथं तिच्या पायाला हात लावणारा वारकरी तिच्या गळ्यात काय आहे ते बघत नाही, माउली म्हणतो आणि वाकतो. संप्रदायाची ही शिकवण दिंडीतून घरी येताना वेशीवरच सुटून जाऊ नये, एवढंच आमचं म्हणणं आहे.

एकटी राहणारी प्रत्येक बाई संतच असली पाहिजे असं नाही. तिनं अभंग रचावेत, चमत्कार करावेत, तेव्हाच तिला मान, हाही अन्यायच. कुणी नोकरी करेल, कुणी शेत कसेल, कुणी म्हाताऱ्या आईला सांभाळेल, कुणी नुसती स्वतःच्या मनानं जगेल. ते आयुष्य अर्धं राहिलेलं नाही, पुरतं आहे.

म्हणून शताब्दीच्या वर्षी दिंडीनं तीन गोष्टी ठरवल्या आहेत. नव्या वहीत प्रत्येक बाईचं स्वतःचं नाव पहिल्यांदा लिहायचं, कुणाची कोण ते नंतर, तिनं सांगितलं तर. तुळस डोक्यावर घ्यायचा मान पाळीनं सगळ्यांना द्यायचा, सवाष्ण-बिगरसवाष्ण बघायचं नाही. आणि मुक्कामाच्या गावी ओटी भरायची तर सगळ्यांची भरायची, नाहीतर कुणाचीच नाही. हे यजमानांना आधीच नम्रपणे सांगायचं. जुन्या वह्यांतल्या 'बाई एक' कोण होत्या ते गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढायचं कामही सुरू झालं आहे. वाचणाऱ्या माउलींना आपल्या घरातली अशी कुणी आत्या, मावशी, बहीण आठवत असेल तर तिचं नाव आम्हाला कळवा. ती चालली होती, एवढं सांगितलं तरी पुरे.

यंदा मुक्ताईची पालखी दारावरून जाईल तेव्हा घागर जरूर घ्या. पण त्याआधी घरातल्या तिलाही हाक मारा, तिच्या नावानं.

रामकृष्ण हरी.