वेदीवरील हिरवीं पानें

इ. स. 1600 सालीं पोप आठवे क्लेमेंट यांनीं प्रसिद्ध केलेल्या बिशपांच्या विधिग्रंथांत वेदीवरील मेणबत्त्यांमध्यें फुलांबरोबर सुवासिक पानेंही ठेवण्यास मोकळीक आहे. पानें म्हणजे गरिबांचा नाइलाज, हें म्हणणें म्हणूनच आम्हांस पटत नाहीं.

सांगलीच्या उन्हाळ्यांत फुलें लवकर मान टाकतात. आंब्याची डहाळी मात्र टिकून राहते, कारण जाड, तुकतुकीत पानांतील पाणी सावकाश उडतें. सातारा जिल्ह्यांत पांचगणीस जॉन चेसन यांनीं एकोणिसाव्या शतकांत सिल्व्हर ओक लाविले. झाड मूळचें ऑस्ट्रेलियाचें. पानें नेच्यासारखीं कातरलेलीं, खालून रुपेरी, आणि तोडल्यावरही पुष्कळ टिकणारीं. महाबळेश्वरचा नेचा मात्र नाजूक. तो आधीं अख्खा पाण्यांत बुडवून ठेवावा.

डहाळी पहांटे तोडावी, देठ पुन्हां तिरपा कापावा, पाणी रोज बदलावें. पाण्यांत बुडणारीं पानें आम्ही आळसानें तशींच ठेवितों, आणि तेथेंच चुकतों! तीं कुजलीं म्हणजे जंतु देठाच्या नळ्या बुजवितात व भरल्या पाण्यांत डहाळी सुकते.

झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्यांस पाणी लागत नाहीं. त्या घरोघरीं क्रुसामागें वर्षभर वाळतात, आणि पुढील वर्षीं राखेच्या बुधवारीं अशाच झावळ्यांची राख आमच्या कपाळीं लागते.